तळाशी दोर कोण बांधतो?

वाचकांचे प्रश्न : समुद्रात बुडालेल्या वस्तू आणि दूरनियंत्रित याने

समुद्रात बुडालेली विमाने, जहाजांचे भाग आणि यंत्रसामग्री वर काढण्यासाठी दूरनियंत्रित यानांचा उपयोग कसा होतो, याविषयी आम्ही गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. पत्रे बरीच आली आणि त्यांतील अनेक प्रश्न एकमेकांशी जुळणारे होते, त्यामुळे काही प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे देत आहे. अशी याने चालवणाऱ्या चमूत मी बरीच वर्षे काम केले आहे. जेथे अनुभव सांगितल्याने मुद्दा स्पष्ट होईल, तेथे तो सांगितला आहे.

प्रश्न : बुडालेली वस्तू काढायला पाणबुडे का पाठवत नाहीत? यंत्रच कशासाठी? (एक विद्यार्थी)

उथळ पाण्यात आजही पाणबुडेच जातात, आणि जेथे माणूस सुरक्षितपणे पोहोचू शकतो तेथे त्याच्या हाताची बरोबरी कोणतेही यंत्र करू शकत नाही. प्रश्न खोलीचा आहे. समुद्रात दर दहा मीटरला सुमारे एक वातावरणाइतका दाब वाढतो. साधी दाबाखालची हवा घेऊन काम करणारा पाणबुडा साधारण पन्नास मीटरपर्यंतच काम करतो. त्याखाली हेलियममिश्रित वायू आणि दिवसेंदिवस दाबाच्या कक्षात राहण्याची पद्धत वापरावी लागते; त्या पद्धतीने तीनशे मीटरच्या आसपास नियमित कामे होतात, पण काम संपल्यावर शरीर पुन्हा नेहमीच्या दाबाला आणायलाच अनेक दिवस लागतात. १९८८ साली फ्रेंच पाणबुड्यांनी खुल्या समुद्रात ५३४ मीटरपर्यंत जाऊन काम करून दाखवले. त्या क्षेत्रात हा आकडा आजही आदराने सांगितला जातो.

आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहा. चार हजार मीटर खोलीवर आपल्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर जवळजवळ चारशे किलो वजनाइतका दाब असतो, आणि महासागराचा बहुतेक तळ याच खोलीच्या आसपास किंवा त्याहूनही खाली आहे. तेथे काम करायचे तर माणसाने वर जहाजावर बसावे आणि डोळे व हात तेवढे खाली पाठवावेत, हाच व्यवहार्य मार्ग उरतो. दूरनियंत्रित यान, म्हणजे ज्याला या व्यवसायात सगळे ‘आरओव्ही’ म्हणतात, ते म्हणजे हेच डोळे आणि हात.

मोठ्या कामाचे आरओव्ही साधारण लहान व्हॅनच्या आकाराचे आणि तीन ते पाच टन वजनाचे असते. धातूच्या सांगाड्यावर वरच्या बाजूला एक जाड, बहुधा पिवळा किंवा नारिंगी ठोकळा बसवलेला असतो. हा साधा थर्माकोल नव्हे. राळेत काचेचे अतिसूक्ष्म पोकळ गोळे मिसळून तो बनवतात, कारण साधा फेस त्या दाबाखाली चिरडून जाईल. या ठोकळ्यामुळे टनावारी वजनाचे यंत्र पाण्यात जवळजवळ वजनरहित होते आणि थ्रस्टर, म्हणजे पाणी ढकलणारे पंखे, त्याला हव्या त्या दिशेला सहज नेऊ शकतात.

प्रश्न : यानाला केबल का लागते? मोबाइल किंवा ड्रोनसारखे ते बिनतारी का चालवत नाहीत?

खाऱ्या पाण्यात रेडिओ लहरी थोड्याच अंतरात विरून जातात. पाण्यात लांबवर जातो तो आवाज, पण आवाजाच्या लहरींवरून स्पष्ट, सलग चित्र पाठवता येत नाही. शिवाय आवाज सेकंदाला दीड किलोमीटर इतक्याच वेगाने जात असल्याने चार किलोमीटर खोलीवरच्या यंत्राला दिलेली आज्ञा पोहोचून उत्तर परत येईपर्यंत पाच सेकंदांहून अधिक वेळ जातो. पकडीत वस्तू धरलेली असताना पाच सेकंद हा फार मोठा काळ आहे. म्हणून वीज, आज्ञा आणि चित्र हे तिन्ही केबलमधून जातात.

केबलशिवाय चालणारी स्वयंचलित यानेही आहेत, आणि शोधाच्या कामात ती आरओव्हीपेक्षा सरस ठरतात. ती ठरवून दिलेल्या मार्गाने तळाच्या वर नांगरटीसारख्या समांतर फेऱ्या मारतात, सोनारने, म्हणजे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून, तळाचे चित्र घेतात आणि वर येऊन ते सोपवतात. २०१६ साली बंगालच्या उपसागरावर बेपत्ता झालेल्या भारतीय हवाई दलाच्या एएन-३२ विमानाचे अवशेष राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेच्या अशाच यानाने टिपलेल्या चित्रांतून सुमारे ३,४०० मीटर खोलीवर ओळखले गेले, आणि ते जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले. मात्र शोधणे आणि काढणे ही दोन वेगळी कामे आहेत. काढण्याच्या कामाला केबल लागतेच.

केबल हीच या यंत्राची नाळ आणि हेच त्याचे मर्मस्थानही. १९९५ साली १०,९११ मीटर खोलीपर्यंत पोहोचलेले जपानचे ‘काइको’ हे यान २००३ साली केबल तुटून हरवले. केबल तुटली की नेमके काय गमावले जाते, याची कल्पना या कामात असलेल्या प्रत्येकाला आहे.

प्रश्न : विमान समुद्रात पडल्यावर काळी पेटी आवाज करते असे वाचले. मग ती सापडायला कधी कधी वर्षे का लागतात?

पेटीला जोडलेले उपकरण पाण्यात भिजताच सेकंदाला साधारण एकदा असा ठोका देऊ लागते. हा ठोका ३७.५ किलोहर्ट्झचा, म्हणजे आपल्या कानांना न ऐकू येणारा असतो, आणि तो एक-दोन किलोमीटर किंवा परिस्थिती चांगली असेल तर त्याहून थोड्या अधिक अंतरापर्यंत पकडता येतो. म्हणजे विमान चार किलोमीटर खोल पाण्यात असेल, तर पृष्ठभागावरच्या जहाजाला तो ऐकू येण्याची फारशी शक्यताच नसते. ऐकणारे उपकरण लांब केबलला बांधून खोल पाण्यातून ओढत न्यावे लागते. आणि पूर्वी या उपकरणाची बॅटरी जेमतेम तीस दिवसांसाठी असे.

एअर फ्रान्सच्या ४४७ क्रमांकाच्या विमानाने हे सर्वांना दाखवून दिले. १ जून २००९ रोजी अटलांटिक महासागरात ते कोसळले आणि २२८ जण मृत्युमुखी पडले. ठोका ऐकण्याचे प्रयत्न फोल ठरले, बॅटरीची मुदत संपली, आणि सुमारे ३,९०० मीटर खोलीवर अवशेष सापडले ते थेट एप्रिल २०११ मध्ये, स्वयंचलित यानांच्या सोनार चित्रांतून. या अपघातानंतर ठोका नव्वद दिवस टिकावा असा नियम झाला, आणि अधिक दूरवर ऐकू जाणारे कमी वारंवारतेचे उपकरण विमानाच्या सांगाड्याला जोडण्याची तरतूदही आली.

पुढची हकीकत आमच्या व्यवसायातल्या लोकांना तोंडपाठ आहे. जहाजावरून ‘रेमोरा ६०००’ नावाचे आरओव्ही खाली सोडले गेले. उड्डाणाची माहिती नोंदवणाऱ्या पेटीचा सांगाडा सापडला, पण ज्यात माहिती असते ते दंडगोलाकार स्मृतीकक्ष त्यातून निखळून गेलेले होते. हातातोंडाशी आलेला घास गेला, असे नियंत्रण कक्षात बसलेल्यांना वाटले असणारच. काही दिवसांनी, १ मे रोजी, तेच लहानसे कक्ष गाळात अर्धवट रुतलेले दिसले. दुसऱ्या दिवशी संभाषण नोंदवणारी पेटीही सापडली. जवळजवळ दोन वर्षे समुद्रतळावर राहूनही दोन्हींतील नोंदी वाचता आल्या, आणि अपघात कसा घडला हे तेव्हा कुठे उलगडले.

याआधीचे एक उदाहरण आपल्या वाचकांपैकी ज्येष्ठांना आठवत असेल. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान आयर्लंडजवळ समुद्रावर स्फोटाने नष्ट झाले आणि ३२९ जणांचा बळी गेला. तेथे पाण्याची खोली सुमारे दोन हजार मीटर होती. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दोन्ही पेट्या वर आणल्या त्या ‘स्कॅरब’ या दूरनियंत्रित यानाने. हे यान मुळात समुद्राखालच्या दूरसंचार केबली दुरुस्त करण्यासाठी आणि गाळात पुरण्यासाठी तयार केलेले होते. केबल धरण्यासाठी बनवलेल्या हातांनी त्या दिवशी पेटी धरली.

प्रश्न : यंत्राच्या हाताला स्पर्श कळतो का? चालवणाऱ्याला वस्तू नाजूक आहे की जड हे कसे समजते?

बहुतेक आरओव्हींना दोन हात असतात. एक दणकट आणि कमी सांधे असलेला. तो एखाद्या कडेला घट्ट पकडून यान जागेवर स्थिर ठेवतो. दुसरा सात हालचाली करणारा, आणि काम तो करतो. वर नियंत्रण कक्षात त्याची छोटी प्रतिकृती असते. चालवणारा ती मनगटाने वळवतो, तसा खालचा हात वळतो. सर्वसाधारण यंत्रांत हाताला स्पर्शाची जाणीव परत येत नाही. तेलाच्या दाबाने चालणारा तो पंजा काचेची बाटली आणि लोखंडी पाइप सारख्याच निर्विकारपणे आवळतो. त्यामुळे सगळा भरवसा डोळ्यांवर असतो, आणि तेही सपाट पडद्यावर पाहणाऱ्या डोळ्यांवर.

एक दृश्य सांगतो. तळाच्या दोन मीटर वर यान थांबलेले आहे. दिव्यांच्या उजेडात पाण्यातले कण बर्फासारखे चमकत खाली उतरताना दिसतात. समोर एक वाकलेला पत्रा, आणि त्याच्या मागे बोटभर दिसणारी नारिंगी कड. (काळी पेटी प्रत्यक्षात नारिंगी असते, ती अवशेषांत सहज दिसावी म्हणून.) चालवणारा अर्धा मीटर पुढे सरकतो आणि थ्रस्टरच्या झोताने गाळाचा ढग उठतो, पडदा एकदम दुधाळ होतो. अशा वेळी नवशिका माणूस मागे सरकायला बघतो, त्याने आणखी गाळ उठतो. जाणता माणूस हात नियंत्रणावरून काढतो आणि मांडीवर ठेवतो. पाच मिनिटे, कधी वीस मिनिटे, कक्षात कोणी बोलत नाही. प्रवाह ढग बाजूला नेतो, नारिंगी कड पुन्हा दिसू लागते, आणि मग पंजा बोटाच्या पेराएवढा उघडून आत जातो. हे थांबणे मला शिकवायला माझ्या पहिल्या पर्यवेक्षकाला दोन महिने लागले, आणि त्या माणसाचे माझ्यावर मोठे ऋण आहे.

पकडलेली वस्तू यान हातात धरून वर आणत नाही, निदान आणू नये. ती तळावर आधीच उतरवून ठेवलेल्या लोखंडी टोपलीत किंवा यानाच्या समोरच्या खणात ठेवतात आणि झाकण लावतात. पंजाचा तेलाचा नळ फुटला तर पकड सुटते, आणि चार हजार मीटर खाली गेलेली वस्तू त्याच जागी पुन्हा सापडेल असे नाही.

प्रश्न : आरओव्ही किती वजन उचलू शकते? अख्खे विमान किंवा जहाज ते वर कसे आणते? (दोन वाचकांनी विचारलेला प्रश्न)

या प्रश्नाचे उत्तर मी जरा सविस्तर देतो, कारण या कामाविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज येथेच आहे. आरओव्ही जड वस्तू वर आणत नाही. त्याचे थ्रस्टर त्याला पुढे-मागे नेण्यासाठी असतात. शे-दोनशे किलोचा भार आला की त्याची दमछाक होऊ लागते. वस्तू वर आणतो तो जहाजावरच्या क्रेनचा दोर. आरओव्हीचे काम तो दोर तळाशी योग्य जागी, योग्य रीतीने बांधण्याचे. सगळी कामगिरी या बांधण्यावर उभी असते किंवा त्यावरच कोसळते.

मार्च २०२२ मध्ये अमेरिकी नौदलाने दक्षिण चीन समुद्रातून एफ-३५ जातीचे लढाऊ विमान सुमारे ३,८०० मीटर खोलीवरून काढले, तेव्हा हेच झाले. ‘कर्व्ह-२१’ या यानाने विमानाला खास तयार केलेले दोर आणि पट्टे बांधले. मग जहाजाचा हुक तळापर्यंत खाली सोडला गेला, यानाने तो त्या बांधणीला जोडला, आणि क्रेनने विमान वर ओढले. त्याच्या आदल्या वर्षी याच यानाच्या साहाय्याने फिलिपाइन समुद्रातून जवळपास ५,८०० मीटर खोलीवरून एक हेलिकॉप्टर काढले होते. एवढ्या खोलीवर पोलादी दोर वापरणे कठीण होते, कारण कित्येक किलोमीटर लांबीच्या पोलादी दोराची बरीचशी ताकद स्वतःचेच वजन पेलण्यात खर्च होते. म्हणून पाण्यात हलके राहणारे कृत्रिम तंतूंचे दोर अशा कामांत वापरले जातात.

बांधायचे कुठे, हा पुढचा प्रश्न. समुद्रावर आदळलेल्या विमानाचे पंख, शेपूट, चाकांचे खांब यांपैकी काय भार पेलेल हे कागदावरच्या नकाशावरून सांगता येत नाही. सांधे पिचलेले असतात आणि खाऱ्या पाण्याने गंज चढायला सुरुवात झालेली असते. म्हणून आधी यान वस्तूभोवती सर्व बाजूंनी फिरून चित्रण करते, ते चित्रण अभियंते वर बसून पुन्हा पुन्हा पाहतात, आणि मगच बांधणीचा आराखडा ठरतो. शॅकल (दोर जोडण्याची लोखंडी कडी), हुक, पिना या सगळ्या वस्तूंना यंत्राच्या पंजाला धरता येतील अशा मोठ्या मुठी आधीच जोडाव्या लागतात. डेकवर माणूस दहा सेकंदांत लावील अशी पीन तळाशी लावायला तासभर जाऊ शकतो. ती पीन डेकवर पंजासमोर धरून तालीम केलेली नसेल, तर तो तास वायाही जाऊ शकतो.

दोर ताणला की दोन जागा धोक्याच्या असतात, एक अगदी खाली आणि एक अगदी वर. खाली गाळ वस्तूला चिकटून धरतो. चिखलात रुतलेला पाय ओढताना जी ओढ जाणवते, तीच येथे टनांच्या हिशेबात असते, आणि ती सुटते तेव्हा एका झटक्यात सुटते. यासाठी यान आधी पाण्याच्या झोताने किंवा शोषनळीने कडेचा गाळ मोकळा करते आणि क्रेन हळूहळू, थांबत थांबत ताण वाढवते. वरचा धोका पाण्याच्या पृष्ठभागाचा. पाण्यात असेपर्यंत वस्तूला पाण्याचा आधार असतो. ती बाहेर येऊ लागताच तो आधार जातो, तिच्या पोकळीत भरलेल्या पाण्याचे वजन दोरावर येते, आणि त्याच क्षणी लाटा तिला खाली-वर आपटत असतात.

हा धडा मी स्वतः घेतला आहे. एका कामात आम्ही यंत्रसामग्रीची एक बंदिस्त पेटी सहाशे मीटरवरून वर आणली होती. पेटीत पाणी भरलेले आहे हे आम्हाला माहीत होते, आणि ते निथळायला तळाकडच्या बाजूला भोके पाडावीत असे आराखड्यात लिहिलेही होते. हवामान बिघडत होते, काम ज्यांनी दिले होते त्यांच्याकडून घाई चालली होती, आणि तो टप्पा आम्ही वगळला. पेटी पाण्याबाहेर अर्धी आली, पट्टा एका कोपऱ्यावरून सरकला, आणि आमच्या डोळ्यांदेखत ती परत गेली. कोणाला इजा झाली नाही, हे नशीब. पेटी पुन्हा शोधून काढण्यात आणखी आठवडा गेला. ड्रिलला भोके पाडायला चाळीस मिनिटे लागली असती.

जहाज उचलण्याचे उदाहरण हवे असेल तर ‘एहिमे मारू’चे घ्या. ९ फेब्रुवारी २००१ रोजी हवाई बेटांजवळ अमेरिकी पाणबुडी वर येताना या जपानी प्रशिक्षण जहाजावर आदळली. जहाज सुमारे सहाशे मीटर खोल पाण्यात गेले आणि नऊ जण बेपत्ता झाले. आरओव्हींच्या साहाय्याने जहाजाखालून पट्टे घालण्यातच कित्येक आठवडे गेले. त्यानंतर ते जहाज पृष्ठभागावर आणलेच नाही. तळापासून थोडे उचलून, पाण्याखालीच लटकत ठेवून, पस्तीस मीटर खोलीच्या किनाऱ्याजवळच्या पाण्यात नेले, आणि तेथे पाणबुड्यांनी आत जाऊन नऊपैकी आठ जणांचे मृतदेह बाहेर काढले. पृष्ठभाग ओलांडण्याचा धोका टाळायचा आणि जेथे माणसाचे हात हवेत तेथे काम माणसाच्या हातात सोपवायचे, अशी ती योजना होती. या व्यवसायात मी पाहिलेल्या, वाचलेल्या सर्व योजनांत ती मला सर्वांत शहाणपणाची वाटते.

प्रश्न : अशा यानांचा पहिला मोठा उपयोग कधी झाला?

१९६६ साली, स्पेनच्या पालोमारेस गावाजवळ. १७ जानेवारीला आकाशात इंधन भरताना अमेरिकेची दोन विमाने एकमेकांवर आदळली आणि चारपैकी एक हायड्रोजन बॉम्ब समुद्रात पडला. ‘अल्विन’ या माणसे घेऊन जाणाऱ्या छोट्या पाणबुडीने तो मार्चमध्ये शोधला, पण उचलताना दोर तुटला आणि बॉम्ब उतारावरून आणखी खोल घसरला. एप्रिलमध्ये तो पुन्हा सापडल्यावर ‘कर्व्ह’ हे दूरनियंत्रित यान खाली पाठवले गेले. त्याने बॉम्बच्या पॅराशूटला दोन दोर लावले, आणि तिसरा लावताना ते स्वतःच पॅराशूटच्या कापडात गुरफटले. अधिकाऱ्यांनी यान सोडवण्याच्या भानगडीत न पडता दोन्ही एकत्रच वर ओढण्याचा निर्णय घेतला, आणि ७ एप्रिलला सुमारे ८७० मीटर खोलीवरून यान आणि बॉम्ब एकाच गाठोड्यात वर आले. कापड, जाळी आणि सैल दोर हे आजही आरओव्हीचे सर्वांत मोठे शत्रू आहेत. साठ वर्षांत त्यावर कातरीखेरीज दुसरा इलाज निघालेला नाही.

प्रश्न : टायटॅनिकचे अवशेष पाहायला निघालेली ‘टायटन’ पाणबुडी २०२३ मध्ये हरवली तेव्हा आरओव्ही वेळेवर पोहोचले असते तर माणसे वाचली असती का?

नाही. १८ जून रोजी तिचा संपर्क तुटला त्याच सुमारास पाण्याच्या दाबाने तिचे कवच क्षणार्धात चिरडले गेले होते. २२ जूनला ‘ओडिसियस’ नावाचे यान तळाशी पोहोचले, तेव्हा त्याला टायटॅनिकच्या अवशेषांपासून काही अंतरावर तिचे तुकडे दिसले. नंतर ते तुकडे वर आणण्याचे कामही याच यानाने केले, आणि कवचाला काय झाले याचा तपास त्यांच्या आधारे पुढे गेला.

मात्र कवच शाबूत असेल तर यान जीव वाचवू शकते, हे १९७३ साली सिद्ध झाले आहे. ‘पायसीस ३’ ही दोघांची पाणबुडी आयर्लंडच्या नैर्ऋत्येला सुमारे ४८० मीटर खोल पाण्यात पडली. दुसऱ्या पाणबुडीने आणि ‘कर्व्ह-३’ या यानाने तिला दोर लावले, आणि सुमारे ७६ तासांनी दोघेही जिवंत बाहेर आले. तेव्हा त्यांच्याकडे काही मिनिटे पुरेल एवढाच प्राणवायू उरला होता.

प्रश्न : आमच्या नात्यातील एक व्यक्ती समुद्रातील अपघातात गेली. अवशेष सापडूनही सर्वांना वर आणले जात नाही, असे ऐकले. असे का होते? (एक भगिनी)

ताई, तुमचे पत्र मी अनेकदा वाचले. तुमच्या नातेवाइकाच्या अपघाताविषयी मी काही म्हणणार नाही, कारण मला त्याची माहिती नाही. पण असे निर्णय कसे होतात, ते जेवढे मला ठाऊक आहे तेवढे स्पष्ट सांगतो.

एअर फ्रान्सच्या अपघातात २००९ साली पृष्ठभागावरून पन्नास मृतदेह मिळाले होते, आणि २०११ साली आरओव्हीने तळावरून आणखी १०४ वर आणले. उरलेल्या ७४ जणांना आणता आले नाही. खोल पाण्यातल्या थंडीमुळे देह बराच काळ टिकू शकतो, पण वर आणताना तो तसाच राहील याची खात्री नसते. ज्या ठिकाणी आसनांना बांधलेले, मोडलेल्या धातूत अडकलेले देह असतात, तेथे यंत्राच्या पंजाने ते सोडवताना त्यांची विटंबना होऊ शकते. काही कुटुंबांना आपले माणूस परत हवे असते, तर काहींना ते समुद्रातच शांतपणे राहू द्यावे असे वाटते. दोन्ही भावना खऱ्या आहेत आणि कोणताही निर्णय त्या दोन्हींचा पूर्ण मान राखू शकत नाही.

एवढे मात्र मी खात्रीने सांगू शकतो की, ज्या ज्या चमूंत मी काम केले तेथे पडद्यावर माणूस दिसला की कक्षातले बोलणे थांबत असे. अशा वेळी हात चालवण्याचे काम सर्वांत अनुभवी माणसाकडे दिले जाई. देह कापडी झोळीत घेऊन ती बंद केली जाई आणि मगच टोपलीत ठेवली जाई, म्हणजे वर येताना पाण्याच्या ओढीने काही निसटू नये. डेकवर कोणी फोटो काढीत नसे. तुम्हाला संबंधित तपास यंत्रणेकडे चौकशी करायची असेल तर तळाच्या चित्रणाची आणि नोंदींची मागणी लेखी करावी. यानाच्या प्रत्येक फेरीची वेळ, जागा आणि खोली यांची नोंद ठेवण्याची रीत आहे, आणि निर्णय कोणत्या कारणाने घेतला हे विचारण्याचा कुटुंबाला नैतिक अधिकार आहे, असे मी मानतो.

प्रश्न : आरओव्ही चालवायला काय शिकावे लागते? व्हिडिओ गेम खेळण्याचा सराव उपयोगी पडतो का?

थोडा उपयोगी पडतो, पण कामाचा मोठा भाग पडद्यासमोर नसतोच. यान एक दिवस पाण्यात गेले की त्यामागे डेकवर गळती शोधणे, तेल बदलणे, विजेच्या जोडण्या तपासणे, केबलच्या टोकाची बांधणी नव्याने करणे असे अनेक तास जातात. म्हणून या कामात विद्युत, इलेक्ट्रॉनिक्स किंवा हायड्रॉलिक यंत्रांचे शिक्षण घेतलेल्यांना पसंती मिळते. चालवणे त्यांना नंतर शिकवता येते. बारा-बारा तासांच्या पाळ्या, महिनोन्‌महिने घराबाहेर राहणे आणि हलत्या जहाजावर जड वस्तूंजवळ वावरणे याची तयारी हवी. आणि काम थांबवण्याची वेळ आली की ‘थांबा’ म्हणण्याचे धैर्य हवे, मग समोर कोणीही असो.

प्रश्न : काळी पेटी पाण्याबाहेर काढल्यावर पुन्हा पाण्यातच ठेवतात, असे छायाचित्रात दिसले. याचे कारण काय?

मीठ आणि हवा एकत्र आली की धातूला गंज झपाट्याने चढतो. तळाशी पेटी मिठाच्या पाण्यात असली तरी तेथे थंडी असते आणि हवेइतका प्राणवायू नसतो. डेकवर ती वाळू दिली तर आत शिरलेल्या पाण्यातील मीठ सर्किटच्या बारीक जोडण्यांवर साठते आणि जे वर्षभरात झाले नसते ते काही दिवसांत होऊ शकते. म्हणून पेटी वर येताच ती स्वच्छ गोड्या पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवतात, डब्याला मोहोर लावतात आणि तशीच प्रयोगशाळेत पाठवतात. ती उघडणे, धुणे आणि सावकाश वाळवणे हे तेथील तज्ज्ञांचे काम. जहाजावर तिला कोणी पुसतही नाही.